तारणाचे मोल आणि मोल सांगणारा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्यांनी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे लोकांच्या ठेवी सांभाळण्यात घालविली, आणि ठेवीदाराचा पैसा हा विश्वासाने हवाली केलेला परका पैसा आहे ही जाणीव आपल्या हाताखालच्या शेवटच्या कारकुनापर्यंत पोहोचविली. अशा पुरुषाच्या नावाने बोलायला उभे राहताना विषय निवडण्याची मोकळीक मला मिळाली, तेव्हा ज्याची चर्चा सभागृहात सहसा होत नाही, पण ज्याच्यावर आपणा सर्वांच्या ठेवींची सुरक्षितता अवलंबून असते, असा एक प्रश्न मी मुद्दाम निवडला. घर किंवा जमीन गहाण घेऊन कर्ज देताना त्या मालमत्तेची किंमत किती हे सांगणारा जो मूल्यांकनकार, ज्याला आपण व्यवहारात व्हॅल्युअर म्हणतो, त्याच्यावर कर्ज देणाराच दबाव आणतो तेव्हा काय होते, आणि त्या दबावावर नजर ठेवण्याचे काम ज्यांच्याकडे सोपविले आहे ते इतके दुबळे का ठरतात, हा तो प्रश्न. उदाहरण मी मुख्यतः अमेरिकेचे घेणार आहे, कारण तेथे हा रोग दोन वेळा, सुमारे पंचवीस वर्षांच्या अंतराने, उघड्यावर आला, दोन्ही वेळा त्याची जाहीर चौकशी झाली, आणि एरवी कपाटात राहणारे कागद लोकांसमोर आले. आपल्या घरच्या गोष्टीकडे मी शेवटी येईन.

प्रथम हा माणूस करतो काय ते पाहू, कारण दबाव कोठे लागतो हे त्याच्या कामाच्या स्वरूपावरूनच कळते. अमेरिकेच्या एखाद्या उपनगरातले घर कोणी विकत घेत आहे आणि त्यासाठी कर्ज काढीत आहे असे समजा. मूल्यांकनकार त्या घरी जातो, टेप लावून मापे घेतो, पुढून, मागून आणि रस्त्याच्या अंगाने छायाचित्रे काढतो, छप्पर आणि तळघर पाहतो. आणि मग टेबलाशी बसून त्याच वस्तीत अलीकडे विकल्या गेलेल्या, शक्य तितक्या सारख्या घरांपैकी निदान तीन घरे निवडतो. छापील नमुन्यात एक रकाना आपल्या घराचा आणि शेजारी तीन रकाने त्या तीन घरांचे असतात. तिकडे एक न्हाणीघर जास्त असेल तर त्या घराच्या किमतीतून अमुक रक्कम वजा करायची, तिकडे गाडी ठेवायला जागा नसेल तर तमुक रक्कम मिळवायची, असे करीत तीन दुरुस्त आकडे तयार होतात आणि त्या तिन्हींचा विचार करून शेवटचा एक आकडा लिहिला जातो. या सगळ्यात गणित थोडे आणि मुनसफी फार. दोन प्रामाणिक, जाणती माणसे एकाच घराला पाच टक्क्यांच्या फरकाने मोल सांगू शकतात, आणि दोघांपैकी कोणालाही खोटे म्हणता येत नाही.

दबाव राहतो तो या पाच टक्क्यांच्या पोटात. खोटे लिहा असे कोणीही म्हणत नाही. नदीपलीकडच्या गल्लीत गेल्या महिन्यात एक घर चांगल्या भावाने गेले, ते आपण पाहिलेत का, एवढेच विचारले जाते. शिवाय खरेदीच्या करारातली किंमत मूल्यांकनकाराच्या हाती आधीच आलेली असते. आणि जुने कर्ज फेडून नवे काढणाऱ्यांच्या बाबतीत तर कामाच्या पत्रावरच मालकाचा अंदाज म्हणून एक आकडा लिहून येत असे. म्हणजे प्रश्नाच्या आधी उत्तर! ज्याला त्या उत्तरापर्यंत पोहोचायचे आहे त्याला तीन घरांची निवड थोडी सैल केली की पुरते, आणि ज्याला पोहोचायचे नाही त्याला आपल्या पोटावर पाय ठेवावा लागतो.

आता येथे कोणाही विचारी माणसाला शंका येईल, आणि ती यायलाच हवी. कर्ज देणारा आपल्याच तारणाची किंमत फुगवून का घेईल? उद्या ऋणकोने हात वर केले तर तेच घर विकून धनकोला आपला पैसा वसूल करायचा आहे. मग तारणाचे खरे मोल कळावे अशी सर्वांत मोठी इच्छा त्याचीच असली पाहिजे. जुन्या काळच्या सावकाराचे सर्व दोष कबूल करूनही हे म्हणावे लागेल, की तो गहाणाचा दागिना स्वतः पारखून घेई आणि त्यात तो सहसा फसत नसे. मग आधुनिक बँक का फसते?

फसते ती बँक नव्हे. बँक म्हणून आपण ज्याला एक नाव देतो तो अनेक माणसांचा समूह आहे आणि त्यांचे हितसंबंध एक नाहीत. कर्ज मंजूर झाले की ज्याला दलाली मिळते तो एक, वर्षाचा इष्टांक पुरा झाला की ज्याची बढती होते तो दुसरा, आणि दहा वर्षांनी कर्ज बुडाले की ज्याचा पैसा बुडतो तो ठेवीदार किंवा भागधारक तिसरा. पहिले दोघे मूल्यांकनकाराला काम देतात. तिसऱ्याला त्याचे नावही ठाऊक नसते.

हे नुसते तर्काने सांगण्यापेक्षा टेक्सासच्या एका उदाहरणाने सांगतो. डॅलस शहराच्या पूर्वेला मेस्किट नावाचे गाव आहे, तेथे एम्पायर सेव्हिंग्ज नावाची एक बचत संस्था होती. १९८० मध्ये अमेरिकेत ठेवींच्या विम्याची मर्यादा १ लाख डॉलरपर्यंत वाढली, १९८२ च्या कायद्याने अशा संस्थांवरची बंधने सैल झाली, आणि लांबलांबच्या ठेवी चढ्या व्याजाच्या आमिषाने या लहानशा संस्थेत वाहू लागल्या. त्या पैशाचे केले काय? महामार्गाच्या कडेची जमीन एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, सारे एकमेकांच्या ओळखीचे, कधी कधी एकाच दिवशी, चढत्या भावाने विकायची. प्रत्येक विक्री पुढच्या विक्रीच्या मूल्यांकनाला आधार म्हणून दाखवायची. आणि शेवटच्या फुगलेल्या आकड्यावर कर्ज उचलायचे. मूल्यांकनकाराने तुलनेसाठी पाहिलेली विक्री कागदोपत्री खरीच होती, खोटा होता तो बाजार. १९८४ च्या मार्च महिन्यात ही संस्था बंद करावी लागली. त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये बचत संस्थांच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष एडविन ग्रे यांना त्या महामार्गावरून घेतलेली एक चित्रफीत दाखविण्यात आली. तिच्यात मैलोन्‌मैल अर्धवट इमारती होत्या, नुसते काँक्रीटचे चौथरे होते, आणि उघड्यावर कुजणारी लाकडे होती. प्रत्येक चौथऱ्याच्या मागे एक कर्ज होते, आणि प्रत्येक कर्जाच्या फायलीत सहीशिक्क्यासह एक मूल्यांकन अहवाल होता.

त्यानंतर अमेरिकेच्या लोकप्रतिनिधिगृहाच्या, डग बर्नार्ड यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने या विषयाची सुनावणी घेतली आणि १९८६ मध्ये जो अहवाल निघाला त्याने सदोष मूल्यांकनाचा हात बचत संस्थांच्या बुडण्यात किती मोठा होता हे सांगितले. व्यवसायातल्या मंडळींनी १९८७ मध्ये ‘अप्रेझल फाउंडेशन’ ही संस्था काढून सामाईक मानके ठरविली, आणि ऑगस्ट १९८९ मध्ये संसदेने बचत संस्थांना सावरण्याचा जो मोठा कायदा केला त्याच्या अकराव्या प्रकरणात मूल्यांकनकारांसाठी राज्यागणिक परवाना, परीक्षा आणि शिस्त यांची व्यवस्था झाली. राज्यांच्या मंडळांवर देखरेख करायला केंद्रात ‘अप्रेझल सबकमिटी’ नावाची एक उपसमिती बसली.

या कायद्याने मूल्यांकनकाराचे शिक्षण तपासले, त्याची परीक्षा घेतली, त्याच्या हाती परवाना दिला, तो काढून घेण्याची तजवीजही केली. बँकेने स्वतः नेमलेला मूल्यांकनकार कर्जखात्यापासून अलग असावा असे नियामकांनी बजावलेही. परंतु त्याला पुढचे काम कोण देणार? हा प्रश्न होता तसाच राहिला. दलालाच्या मार्फत आलेल्या कर्जात दलालच मूल्यांकनकार निवडीत असे, आणि तेव्हा घरकर्जांचा फार मोठा भाग दलालांच्याच मार्फत येत असे.

येथे क्षणभर थांबून आपल्याकडच्या एका जुन्या प्रकरणाची आठवण करून देतो, ती विषयांतर वाटली तरी विषयाच्या गाभ्याशी आहे. बारडोली तालुक्याच्या १९२८ च्या सत्याग्रहाचे मूळ एका मूल्यमापनात होते. मुंबई सरकारच्या महसूल खात्याने फेरआकारणी करून सारा २२ टक्क्यांनी वाढविला. आकारणी करणारे अधिकारी हे सारा वसूल करणाऱ्याच सरकारचे नोकर होते, आणि जमिनीच्या खंडाचे जे आकडे त्यांनी आधाराला घेतले ते गावोगाव जाऊन, शेतात उभे राहून, कुळाला विचारून पडताळलेले नव्हते. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन गोऱ्या अधिकाऱ्यांनी चौकशी केली, तेव्हा ती वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. त्या दोघांपाशी वेगळी विद्या नव्हती आणि वेगळी साधनेही नव्हती. त्यांना विशिष्ट आकड्याची गरज नव्हती, आणि ते शेतावर गेले. एवढ्या एका फरकाने २२ चे ६ झाले, हे आपण विसरू नये.

आता दुसरा प्रसंग. २००० सालानंतर अमेरिकेत घरांच्या किमती वाढू लागल्या, आणि कर्ज देणारा ते कर्ज स्वतःपाशी ठेवीनासा झाला. हजारो कर्जे एकत्र बांधून त्यांचे रोखे गुंतवणूकदारांना विकून टाकायचे, अशी रीत पडल्यावर तारणाच्या खऱ्या मोलाची चिंता कोणी करायची? कर्ज देणाऱ्याचा नफा कर्ज देताच हातात येई. बुडीत मात्र परदेशातल्या कुठल्याशा निवृत्तिवेतन निधीच्या माथी जाई. या काळात मूल्यांकनकारांनी स्वतः जे केले ते मला विशेष उल्लेखनीय वाटते. २००० ते २००७ या वर्षांत ११,००० मूल्यांकनकारांनी आपापली नावे आणि पत्ते घालून एक जाहीर अर्ज वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचविला. कर्ज देणाऱ्या संस्था हवा तो आकडा देण्यासाठी आमच्यावर दबाव आणतात, जे देत नाहीत त्यांना काळ्या यादीत टाकतात आणि जे देतात त्यांनाच काम देतात, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. पोटासाठी ज्यांच्यावर अवलंबून आहोत त्यांच्याविरुद्ध अकरा हजार माणसे नावानिशी सही करतात, ही गोष्ट लहान आहे काय? पुढे या साऱ्यातून ओढवलेल्या आर्थिक अरिष्टाच्या चौकशी आयोगाने २०११ च्या आपल्या अहवालात पाहण्यांचे आकडे दिले: २००३ मध्ये ५५ टक्के मूल्यांकनकारांनी घराचे मोल वाढविण्याचा दबाव आल्याचे सांगितले होते, २००६ पर्यंत हे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. अर्ज पोहोचला होता, पाहण्या छापून आल्या होत्या, सर्वांना सर्व ठाऊक होते. तरीही २००७ उजाडेपर्यंत काही झाले नाही.

काही झाले ते एका राज्याच्या महाधिवक्त्याने फिर्याद केली तेव्हा. नोव्हेंबर २००७ मध्ये न्यू यॉर्कचे अँड्र्यू क्युओमो यांनी फर्स्ट अमेरिकन ही कंपनी आणि तिची ‘ई-अप्रेझ-इट’ ही उपकंपनी यांच्याविरुद्ध दावा लावला. वॉशिंग्टन म्युच्युअल या प्रचंड बँकेने आपले मूल्यांकनाचे काम २००६ मध्ये या उपकंपनीकडे सोपविले होते. दाव्यात जे मांडले गेले ते असे: बँकेच्या कर्जविभागाने आकडे कमी येतात अशी तक्रार केली, मग ठराविक मूल्यांकनकारांची एक वेगळी यादी करून त्यांनाच काम द्यावे असा आग्रह धरला, ती यादी निवडण्यात कर्ज देणाऱ्यांचाच हात राहिला, आणि उपकंपनीतल्या वरिष्ठांनी, हे नियमाविरुद्ध आहे हे आपसातल्या पत्रव्यवहारात ओळखूनही, पुढच्या मोठ्या धंद्याच्या आशेने मान तुकविली. अडीच लाखांवर मूल्यांकने या व्यवस्थेखाली झाली. या दाव्याला प्रतिवादी कंपनीने जे उत्तर दिले तेही ऐकण्यासारखे आहे: या क्षेत्राची देखरेख केंद्रीय नियामकाकडे आहे, म्हणून राज्याला दावा करण्याचा अधिकारच नाही! तो केंद्रीय नियामक म्हणजे बचत संस्थांवर देखरेख करणारे कार्यालय. त्याने ज्याच्यावर देखरेख केली ती वॉशिंग्टन म्युच्युअल २५ सप्टेंबर २००८ रोजी बुडाली आणि अमेरिकेच्या इतिहासातील ते सर्वांत मोठे बँकबुडीत ठरले. २०११ मध्ये ते कार्यालयच मोडीत निघाले, आणि त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या सर्वोच्च न्यायासनाने राज्याचा अधिकार मान्य केला. पुढल्या वर्षी सुमारे ७८ लाख डॉलर भरून तडजोड झाली. ज्या बँकेच्या ठिकाणी हा सारा दबाव उगम पावला होता ती तोवर इतिहासजमा झालेली होती.

देखरेख दुबळी का, याचे उत्तर या एका प्रकरणात बरेचसे आहे, पण त्याची आणखी दोन अंगे सांगितली पाहिजेत. केंद्रातल्या ‘अप्रेझल सबकमिटी’ला राज्यांच्या मंडळांवर नजर ठेवायची होती, आणि एखादे राज्य आपले काम नीट करीत नसेल तर तिच्या हाती एकच शस्त्र होते: त्या राज्याची मान्यता काढून घेणे. तसे केले असते तर त्या राज्यातले एकूण एक मूल्यांकनकार केंद्राशी संबंधित कर्जव्यवहारांतून बाद झाले असते आणि तेथील घरकर्जे ठप्प झाली असती. इतके जबर शस्त्र की ते कधी उपसलेच गेले नाही, आणि ते उपसले जाणार नाही हे राज्यांनाही ठाऊक होते. सौम्य शिक्षांचा अधिकार तिला २०१० च्या डॉड-फ्रँक वित्तसुधारणा कायद्याने मिळाला, म्हणजे आग विझल्यावर.

दुसरे अंग मला अधिक महत्त्वाचे वाटते. राज्यांची मंडळे, मोजक्या तपासनिसांच्या बळावर, आलेली तक्रार पाहत. आणि तक्रार येई ती अहवालातल्या चुकीबद्दल, म्हणजे मूल्यांकनकाराविरुद्ध. ज्याने फोन केला त्याच्यावर त्यांचा अंमलच चालत नसे. परवाना जाई तो सही करणाराचा. दबाव आणणाराकडे या मंडळांचा परवानाच नव्हता, मग त्याचे काय काढून घेणार?

आणि दबावाचा पुरावा तरी कोठे असतो? माझ्या परिचयाचे, आपल्याकडचेच एक अभियंता, बँकांच्या यादीवरचे मूल्यांकनकार, त्यांची हकिकत सांगतो. एका व्यापाऱ्याच्या तीन मजली इमारतीचे मूल्यांकन त्यांच्याकडे आले. मंजूर नकाशा दोन मजल्यांचा होता, तिसऱ्या मजल्याला परवानगी नव्हती, भोगवटा प्रमाणपत्र अर्थातच नव्हते. त्यांनी वरच्या मजल्याचे क्षेत्र मोजले, अहवालात नोंदले आणि त्याची किंमत शून्य धरली. शाखेतून विचारणा झाली, “साहेब, वरचा मजलाही धरता येईल का? भाडेकरू राहतातच की तिथे.” ते नाही म्हणाले. अहवाल जमा झाला, फी मिळाली, कोणी एक कठोर शब्द बोलले नाही. त्या वर्षाच्या अखेरीस यादीचे नूतनीकरण झाले तेव्हा त्यांचे नाव यादीत जसेच्या तसे होते. फक्त त्या शाखेकडून त्यांना काम येणे थांबले, आणि हळूहळू शेजारच्या दोन शाखांकडूनही. आता त्यांनी तक्रार करायची झाली तर कशाविरुद्ध करायची? न आलेल्या फोनविरुद्ध? न निघालेल्या पत्राविरुद्ध? तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे यादी ठेवली तर यादी निर्दोष आहे. श्रोतेहो, मला जे सांगायचे आहे त्याचे मर्म या घटनेत आहे: प्रामाणिक मूल्यांकनकार काढला जात नाही, तो विसरला जातो, आणि आपली सगळी देखरेख घडलेल्या गोष्टी तपासते, न घडलेल्या गोष्टी पाहण्याची तिला दृष्टीच नाही.

अमेरिकेने फिर्यादीनंतर जो उपाय केला त्याची गतीही काम कोण वाटणार याच प्रश्नापायी विचित्र झाली. क्युओमो यांनी फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या घरकर्जे विकत घेणाऱ्या दोन महाकाय संस्थांशी करार केला आणि १ मे २००९ पासून नवी आचारसंहिता लागू झाली: कर्ज मिळवून देणाऱ्या दलालाने वा अधिकाऱ्याने मूल्यांकनकार निवडायचा नाही. तत्त्व अगदी बरोबर होते. पण मध्ये कोणीतरी निवडणारा हवा, म्हणून मूल्यांकनाची कामे वाटणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांचा विस्तार झाला, आणि गंमत नव्हे, खेद वाटावा अशी गोष्ट ही, की ज्या प्रकरणातून ही संहिता जन्मली त्यातली प्रतिवादी उपकंपनी स्वतःच अशा मध्यस्थांपैकी होती. घर घेणारा जी फी भरी तिच्यातला मोठा हिस्सा, कित्येकदा तिसरा भाग किंवा त्याहून अधिक, मध्यस्थाकडे राहू लागला. उरलेल्या पैशांत जो काम करील, आणि दोन दिवसांत करील, त्याला काम. अनुभवी माणसे बाहेर पडली, आणि वस्ती न ओळखणारा मनुष्य साठ मैलांवरून गाडी हाकीत येऊन मोल सांगू लागला. डॉड-फ्रँक कायद्याने दबाव आणणेच बेकायदा ठरविले आणि रूढ व वाजवी फी द्यावी असे सांगितले, हे मोठेच पाऊल होते. मात्र दुसऱ्या बाजूने मूल्यांकनाची सक्तीच कमी होत गेली: पूर्वी अडीच लाख डॉलरपर्यंतच्या घरव्यवहारांना परवानाधारकाचे मूल्यांकन लागत नसे, २०१९ मध्ये ती मर्यादा चार लाखांवर नेली गेली.

आता आपल्याकडे. आपल्या बँका पॅनेलवरच्या मूल्यांकनकाराकडून अहवाल घेतात. ५० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या मालमत्तेसाठी दोन स्वतंत्र अहवाल घ्यावेत असे रिझर्व्ह बँकेने सांगितलेले आहे. घरखरेदीच्या कर्जात करारनाम्याची किंमत आणि मूल्यांकन यांतली कमी ती धरण्याचा शिरस्ता बहुतेक ठिकाणी आहे, आणि कर्ज किती टक्के द्यावे यालाही मर्यादा आहे, ३० लाखांपर्यंत ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८०, त्यापुढे ७५. त्यामुळे तेथे धोका काहीसा आवरलेला आहे. खरा धोका आहे तो मालमत्ता गहाण ठेवून धंद्यासाठी घेतलेल्या कर्जात. तेथे करारनामाच नसतो, रेडी रेकनरचा दर सरासरीचा असतो, आणि मूल्यांकनकाराने लिहिलेला आकडा हाच एकमेव आकडा असतो.

ज्यांना हे पाहायचे असेल त्यांनी वर्तमानपत्रात येणाऱ्या लिलावाच्या जाहीर नोटिसा वाचाव्यात. २००२ च्या सरफेसी कायद्याखालील नियमांप्रमाणे विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून पुन्हा मोल काढून राखीव किंमत ठरवावी लागते. तोच भूखंड, तीच चतुःसीमा, तोच गट नंबर. कर्ज देताना एक आकडा आणि लिलावाच्या वेळी दुसरा. पहिल्या लिलावाला बोली येत नाही, राखीव किंमत उतरते, पुन्हा नोटीस निघते. मंदीने काही किंमत खाल्ली असेल, इमारत जुनी झाली असेल, हे सर्व मान्य. पण कर्ज देतानाचा आकडा आणि हा आकडा शेजारी शेजारी ठेवून कोणी कधी पाहते काय?

देखरेखीची आपली स्थिती अशी. संपत्तिकराच्या कायद्याने नोंदणीकृत मूल्यांकनकारांचा एक वर्ग निर्माण केला. तो कर २०१५ च्या वित्त अधिनियमाने संपला. कंपनी कायद्याच्या कलम २४७ खाली २०१७ मध्ये नियम होऊन नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे नोंदणी सुरू झाली, परीक्षा आली, शिस्त आली; परंतु ते नियम कंपनी कायद्याच्या व दिवाळखोरीच्या कामांपुरते आहेत, बँकेच्या रोजच्या तारणाचे मूल्यांकन त्यांच्या कक्षेत सक्तीने येत नाही. २०२० मध्ये एम. एस. साहू यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने स्वतंत्र कायद्याचा मसुदा दिला, आणि तो मसुदाच राहिला. कर्ज बुडाले की मूल्यांकनकाराचे नाव इंडियन बँक्स असोसिएशनच्या सावधगिरीच्या यादीत जाऊ शकते आणि मग बँकांची दारे त्याला बंद होतात. जो खरोखर लबाड आहे त्याला ते योग्यच आहे. बँकेच्या अधिकाऱ्याचीही खातेनिहाय चौकशी होते, नाही असे नाही. पण बुडीत कर्ज दिले गेले त्या काळात कोणत्या मूल्यांकनकाराकडे किती कामे गेली, कोणाची एकाएकी थांबली, आणि थांबण्यापूर्वीचा त्याचा शेवटचा अहवाल काय म्हणत होता, हे पाहण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

जर्मनीत एक निराळी वाट आहे, तिचा निदान उल्लेख करतो. तेथे गहाणरोख्यांच्या पाठीशी असलेल्या कर्जांसाठी आजचा बाजारभाव आधाराला धरीत नाहीत. कर्जासाठी धरावयाचे म्हणून एक वेगळे मूल्य काढतात, ज्यात तात्पुरत्या तेजीला आणि सट्ट्याला जागा नाही आणि मालमत्तेचे टिकाऊ गुण तेवढे धरले जातात. ते काढणारा कर्जाच्या निर्णयापासून अलग असावा लागतो, आणि त्या मूल्याच्या ६० टक्क्यांपर्यंतचेच कर्ज रोख्यांच्या आधाराला चालते. तेजीच्या काळात हे मूल्य बाजारभावाच्या खाली राहते, आणि तसेच राहावे अशी त्यामागची योजना आहे. ही पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे आणावी असे मी म्हणणार नाही, आपले जमिनीचे दप्तर आणि आपला बाजार निराळा आहे. पण आज काय भाव येईल हा प्रश्न जितका दबावाला वश होतो तितका पंधरा वर्षे काय टिकेल हा प्रश्न होत नाही, एवढे मात्र मी अनुभवाने सांगतो.

आपल्याकडे तातडीने करण्यासारख्या गोष्टी यापेक्षा साध्या आहेत. पॅनेलवरचे काम शाखेने वाटू नये. जिल्ह्यागणिक एक नोंदवही असावी आणि पाळीने, ज्याची पाळी त्याला, काम जावे. एखाद्याची पाळी चुकविली तर कारण लेखी द्यावे लागेल, मग न आलेला फोनही कागदावर येईल. एका मालमत्तेसाठी दुसरा अहवाल मागविला तर पहिला फायलीतच राहिला पाहिजे आणि तो का स्वीकारला नाही हे मंजुरी देणाऱ्याने आपल्या सहीने लिहिले पाहिजे. लिलावाच्या वेळचे मोल मूळ मोलाशी ताडून पाहणे हे तपासनिसाच्या कामाचे अंग झाले पाहिजे. यांतल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. रिझर्व्ह बँकेचे एक परिपत्रक पुरते.

आणि शेवटची गोष्ट या सभागृहात बसलेल्या त्या मंडळींसाठी, ज्यांनी घर गहाण ठेवले आहे किंवा ठेवणार आहेत. मूल्यांकनाची फी तुम्ही भरता, पण अहवाल बँकेच्या फायलीत जातो आणि बहुतेकांनी तो डोळ्यांनी पाहिलेला नसतो. अमेरिकेत जानेवारी २०१४ पासून घर तारण ठेवणाऱ्या कर्जदाराला त्याच्या मूल्यांकनाची प्रत विनामूल्य देणे बंधनकारक आहे, आणि व्यवहार पुरा होण्याच्या निदान तीन कामकाजी दिवस आधी ती त्याच्या हाती पडावी लागते. ज्याच्या आकड्यावर आपण वीस वर्षांचे हप्ते बांधून घेतो त्याने कोणती घरे तुलनेला घेतली, कोणत्या मजल्याचे क्षेत्र धरले आणि कोणत्या दराने, हे वाचायचा आपल्याला हक्क आहे. म्हणून पुढच्या वेळी बँकेत जाल तेव्हा त्या अहवालाची प्रत लेखी अर्ज देऊन मागा, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.